मराठीतून तुर्की: पहिल्या तीन महिन्यांची वाट

तुर्की भाषेत 'गेल' म्हणजे 'ये'. 'गेल्दि' म्हणजे 'आला'. मराठी कानाला पहिल्याच दिवशी बसणारा धक्का हा, आणि तो बरा असतो, कारण हे क्रियापद पुन्हा कधी विसरत नाही.

मी तुर्कीला सुरुवात केली ती एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून. दुसऱ्या महिन्यात गाडी अडली. 'मी वाचलेलं पुस्तक' एवढं म्हणायला त्या पुस्तकात चार पानं खर्ची पडली होती, वर अपवादांची तळटीप. एका संध्याकाळी कंटाळून वहीत त्याच वाक्यांच्या शेजारी मराठी वाक्यं लिहिली आणि लक्षात आलं की शब्दांचा क्रम तोच, प्रत्यय जवळजवळ त्याच जागी. जे इंग्रजाला उलटं वाटतं ते आपल्याला सुलटंच असतं. म्हणून या लेखात इंग्रजी मध्ये आणलेलीच नाही. तुम्हीही वहीत डावीकडे तुर्की, उजवीकडे मराठी असेच दोन रकाने आखा.

ओळख थोडक्यात. तुर्की ही तुर्किक कुळातली भाषा. अझरबैजानी, तुर्कमेन, उझबेक, कझाख, उइगुर या तिच्या बहिणी. अरबी किंवा फारसीशी तिचं रक्ताचं नातं नाही, फक्त शब्दांची देवघेव आहे. बोलणारे ८ कोटींच्या वर. आपण जी शिकणार ती इस्तंबूलच्या वळणाची प्रमाण तुर्की.

पायरी १: अक्षरं आणि आवाज (एक आठवडा)

१९२८ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष अतातुर्क यांच्या सरकारने अरबी लिपी सोडून रोमन लिपीचा कायदा केला. त्या वेळी आवाजांना मोजून अक्षरं बसवली गेली. एकूण २९ अक्षरं, त्यांत ८ स्वर. जसं लिहिलं तसं वाचायचं, देवनागरीसारखंच. इंग्रजी स्पेलिंगचा छळ इथे नाही.

फक्त काही अक्षरांचे इंग्रजी उच्चार विसरावे लागतात. नुसता 'सी' म्हणजे 'ज'. सीखाली शेपटी असेल तर 'च', एसखाली शेपटी असेल तर 'श'. 'झेड'चा आवाज या लेखात 'झ'ने दाखवला आहे. 'जी'वर वाटीसारखी खूण असेल तर त्याचं नाव 'युमुशाक गे', म्हणजे मऊ ग. इतका मऊ की तो ऐकूच येत नाही. आधीचा स्वर थोडा लांबतो, बस्स. आपल्याकडे छापलं जाणारं 'एर्दोगन' हे नाव तिकडे 'एर्दोआन' असं ऐकू येतं ते याच अक्षरामुळे.

आता स्वर. लेखापुरती एक सोय ठरवून घेऊ. आठ स्वर मी असे लिहिणार आहे: आ, ई, ओ, उ आणि ए, इ, ऑ, ऊ. यात ऱ्हस्व-दीर्घाचा काही संबंध नाही, या नुसत्या खुणा आहेत. आ, ओ, उ, ए, इ हे आपले ओळखीचे. उरलेले तीन असे काढा:

'ई' ही माझी खूण बिंदू नसलेल्या 'आय' अक्षरासाठी. 'उ' म्हणायला सुरुवात करा आणि ओठ गोल न करता सपाट ठेवा. 'ऊ' म्हणजे दोन टिंबं असलेला यू: जीभ 'इ'ची, ओठ 'उ'चे. 'ऑ' म्हणजे दोन टिंबं असलेला ओ: जीभ 'ए'ची, ओठ 'ओ'चे. आरशासमोर उभं राहून करा. घरचे हसतील, हसू द्या.

आयवरचा बिंदू ही शोभा नव्हे. बिंदूचा आणि बिनबिंदूचा ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि 'कंटाळा आला' हे साधं वाक्य चुकीचे बिंदू देऊन पाठवलं तर त्याची शिवी होते. मोबाइलवर पहिल्याच दिवशी तुर्की कीबोर्ड घाला.

मराठी माणसाची खास चूक म्हणजे रोमन लिपी दिसली की इंग्रजीतल्यासारखं 'ट' आणि 'ड' म्हणणं. तुर्कीत ट, ड, ण, ळ नाहीत, ख-घ-थ-ध नाहीत. 'त' आणि 'द' आपल्या 'ताट', 'दार'मधले. 'च' चिवड्यातला घ्यायचा, चमच्यातला नव्हे. 'ज' जीवातला, जगातला नव्हे. बहुतेक शब्दांत आघात शेवटच्या अक्षरावर येतो, पण गावांची नावं हट्टी: 'आन्कारा'त पहिल्यावर, 'इस्तान्बुल'मध्ये मधल्यावर.

पायरी २: स्वरांचं गोत्र (दोन आठवडे, घाई नको)

तुर्कीची किल्ली इथे आहे. आठ स्वरांची दोन गोत्रं: जाड स्वर आ, ई, ओ, उ, पातळ स्वर ए, इ, ऑ, ऊ. शब्दाचा शेवटचा स्वर ज्या गोत्राचा, त्याच गोत्राचा प्रत्यय पुढे लागतो.

अनेकवचनाचा प्रत्यय 'लार' किंवा 'लेर'. घर म्हणजे 'एव', घरं 'एव्लेर'. शाळा 'ओकुल', शाळा (अनेक) 'ओकुल्लार'. मुलगी 'कीझ', मुली 'कीझ्लार'. डोळा 'गॉझ', डोळे 'गॉझ्लेर'.

काही प्रत्ययांना दोन नाही, चार रूपं असतात, कारण ते ओठांचा गोलवाही पाहतात. 'माझं' पाहा: 'एविम' माझं घर, 'कीझीम' माझी मुलगी, 'ओकुलुम' माझी शाळा, 'गॉझूम' माझा डोळा. इ, ई, उ, ऊ अशी चार रूपं, आणि ज्या शब्दाला जे तोंडात सहज येईल ते. हे तक्ता पाठ करून येत नाही. रोज वीस शब्द घ्या, मोठ्याने 'लार-लेर' लावा, मग 'माझं' लावा. दहा दिवसांत चुकीचा प्रत्यय कानाला खडा लागल्यासारखा लागतो. अपवाद आहेत, बहुतेक अरबीतून आलेले: 'साआत' म्हणजे तास किंवा घड्याळ, पण अनेकवचन 'साआत्लेर'. भेटतील तसे लिहून ठेवा.

यातला एक प्रत्यय आपल्या घरात आधीच आहे. मशालची, नगारची, तोपची या शब्दांतला 'ची' मूळचा तुर्की: ते काम करणारा. तुर्कीत तो स्वरांप्रमाणे रंग बदलतो: 'चायजी' चहावाला, 'किताप्ची' पुस्तकविक्रेता, 'तोप्चु' तोफखान्यातला शिपाई, 'सूत्चू' दूधवाला.

पायरी ३: प्रत्ययांची माळ

मराठीत 'घरात', 'घरातून', 'घराचं'. तुर्कीतही प्रत्यय मागेच लागतात:

एव्दे – घरात
एवे – घराकडे, घरी (जाताना)
एव्देन – घरातून, घरून
एविन – घराचं
एवि – घराला, घर (अमुक एक, कर्म म्हणून)

'एवे गिदियोरुम' घरी जातोय, 'एव्देन गेलियोरुम' घरून येतोय. आपल्यासारखं सामान्यरूप करावं लागत नाही. 'घोडा'चं 'घोड्या' इथे होत नाही. बदल होतो तो शेवटच्या व्यंजनात. 'किताप' म्हणजे पुस्तक, पण माझं पुस्तक 'किताबीम'. स्वर लागताच आपल्या ओळखीचा 'ब' परत येतो. तसंच शब्द कठोर व्यंजनाने संपला तर 'दे'चा 'ते' होतो: 'किताप्ता', पुस्तकात. आणि दोन स्वर समोरासमोर आले तर मध्ये बहुधा 'य' येऊन बसतो: 'आराबा' गाडी, 'आराबाया' गाडीकडे.

माळ अशी वाढते: एव-लेर-इमिझ-दे, घर-अनेक-आमच्या-मध्ये, 'आमच्या घरांमध्ये'. मागून सोलत आलं की लांब शब्दाची भीती राहत नाही.

कर्माचा प्रत्यय मात्र नीट समजून घ्या. 'किताप ओकुदुम' म्हणजे पुस्तक वाचलं, कोणतं का असेना. 'किताबी ओकुदुम' म्हणजे ते अमुक पुस्तक वाचलं. मराठीत हे आपण 'ते' शब्दाने करतो, तुर्की एका स्वरात उरकते.

आता जिथे मराठीचा आधार सुटतो ती जागा. आपण म्हणतो 'घराचं दार'. तुर्क म्हणतो 'एविन कापीसी', म्हणजे 'घराचं दार-त्याचं'. मालकाला प्रत्यय, वस्तूलाही प्रत्यय. 'आयशेनिन एवि', आयशेचं घर-तिचं. दोन नामं जोडून एक वस्तू झाली तरी शेवटचा प्रत्यय राहतो: 'चाय बार्दाई', चहाचा ग्लास. इस्तंबूलच्या पाट्यांवर हेच दिसतं: 'ताक्सिम मेय्दानी' (ताक्सिम चौक), 'गालाता कुलेसि' (गालाता बुरूज). तो शेवटचा 'ई' किंवा 'सि' नावाचा भाग नव्हे, तो 'त्याचा' आहे. मराठी माणूस हा दुसरा प्रत्यय हमखास खातो. मी वर्षभर खात होतो.

पायरी ४: आहे, नाही, नव्हे

'वार' म्हणजे आहे, 'योक' म्हणजे नाही. 'किताबीम वार', माझ्याकडे पुस्तक आहे. 'पाराम योक', माझ्याकडे पैसे नाहीत. 'कार्देशिम वार', मला भाऊ (किंवा बहीण) आहे.

मात्र 'योक' आणि 'देइल' यांत गल्लत नको. डब्यात साखर नसेल तर 'शेकेर योक'. डब्यात मीठ असेल आणि कोणी साखर समजत असेल तर 'बु शेकेर देइल', ही साखर नव्हे. बोलीतून 'नव्हे' हल्ली हरवत चाललंय, पण ज्यांच्या आजीने ते जपलं त्यांना हा धडा फुकट मिळतो.

'मी आहे, तू आहेस' यासाठी वेगळं क्रियापद नाही, प्रत्ययच: 'एव्देयिम', मी घरात आहे. लिंग तर कुठेच नाही. तो, ती, ते सगळ्यांना 'ओ'. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हा वाद नाही, 'येतो' आणि 'येते' असा भेद नाही.

पायरी ५: क्रियापद

कोशात क्रियापद 'मेक' किंवा 'माक' लावून मिळतं: 'गेल्मेक' येणे, 'आल्माक' घेणे. ते कापलं की धातू. सुरुवातीला दोनच काळ पुरे. चालू वर्तमान: गेलियोरुम (मी येतोय), गेलियोरसुन (तू), गेलियोर (तो/ती), गेलियोरुझ (आम्ही, आपण), गेलियोरसुनुझ (तुम्ही), गेलियोर्लार (ते). भूतकाळ: गेल्दिम, गेल्दिन, गेल्दि, गेल्दिक, गेल्दिनिझ, गेल्दिलेर.

नकार धातूच्या लगेच मागे, 'मे' किंवा 'मा': 'गेल्मेदिम', आलो नाही. प्रश्नासाठी आपला 'का' तिथे 'मि': 'गेल्दि मि?' आला का? फरक इतकाच की हा 'का' स्वराप्रमाणे मि, मी, मु, मू होतो आणि ज्या शब्दावर शंका आहे त्याच्या मागे जाऊन बसतो. 'आलि मि गेल्दि?' म्हणजे 'अलीच आला का?'

पायरी ६: म्हणे, म्हणून आणि '-ऊन'

माझ्या मते मराठी माणसाने तुर्की शिकावी ती या पायरीसाठी.

स्वतः पाहिलं तर 'गेल्दि', आला. दुसऱ्याकडून कळलं किंवा दारातल्या चपलांवरून अंदाज केला तर 'गेल्मिश': आला म्हणे, आलाय वाटतं. इंग्रजी पुस्तकं या 'मिश'वर प्रकरणं लिहितात, आपल्याला 'म्हणे' एवढं पुरतं. तिथल्या परीकथा सुरू होतात 'बिर वार्मीश, बिर योक्मुश' असं म्हणत: एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे.

'-ऊन'साठी तुर्कीत 'इप' (आणि त्याची चार रूपं). 'गिदिप गेल्दिम', जाऊन आलो. 'आलीप गेल्दिम', घेऊन आलो.

'म्हणून' तर थक्क करतो. 'याआमुर याआजाक दिये शेम्सिये आल्दीम': पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली. 'दिये' आला आहे 'देमेक'पासून, आणि 'देमेक' म्हणजे म्हणणे! दोन भाषा, एकमेकींशी रक्ताचं नातं नाही, तरी कारण सांगताना दोघींना 'म्हणणे'च आठवलं.

आणि ज्या वाक्याने मी अडलो होतो ते: 'ओकुदुउम किताप', मी वाचलेलं पुस्तक. 'गेलेन आदाम', येणारा किंवा आलेला माणूस. विशेषण आधी, नाम नंतर, 'जो-तो' लावायची गरज नाही. या रचनेला इंग्रजीत उतरवून मग मराठीत आणू नका, थेट 'लेला' आणि 'णारा' म्हणून वाचा.

जाता जाता: आपण 'पुस्तक-बिस्तक' म्हणतो, ते 'किताप मिताप'. 'चहा-बिहा'ला 'चाय माय'. आपल्या 'ब'च्या जागी त्यांचा 'म'. 'हळूहळू'ला 'यावाश यावाश', आणि 'फलाणा-ढिमका'ला चक्क 'फालान फिलान'.

शब्द: ओळखीचे आणि दगा देणारे

पहिले शे-दोनशे शब्द फुकटात मिळतात, फारसी-अरबीच्या कृपेने: दून्या, हावा, रेन्क (रंग), दूक्कान, साबुन, पेर्दे, बादेम, ताझे, फार्क, जेवाप, हेसाप. हॉटेलात 'हेसाप लूत्फेन' म्हटलं की हिशेब, म्हणजे बिल, येतं.

उलट दिशेनेही शब्द आले आहेत. 'तोफ' हा तुर्की 'तोप'. तिथे त्याचा आज रोजचा अर्थ चेंडू. खिमा म्हणजे 'कीय्मा'. लष्कराला ते 'ओर्दु' म्हणतात, उर्दूचं नाव त्यावरूनच. फर्ड्या वक्त्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो. विजापूरच्या बुरुजावरची ती मूळ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणारा 'रूमी', म्हणजे ऑटोमन मुलखातून आलेला होता.

दगा देणारे शब्द वेगळ्या पानावर लिहा. 'गारिप' म्हणजे विचित्र, गरीब नव्हे, गरीब 'फाकिर'. 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा. 'देव्लेत' म्हणजे राज्यसंस्था, दौलत नव्हे. 'झोर' म्हणजे कठीण. 'तारिह' म्हणजे तारीख आणि इतिहास दोन्ही. 'पाझार' म्हणजे बाजार आणि रविवारही. 'मायमुन' म्हणजे माकड, तेव्हा मैमून, मैमुना अशा नावांच्या बाबतीत जपून.

१९३२ मध्ये स्थापन झालेल्या तुर्क दिल कुरुमु या भाषासंस्थेने अरबी-फारसी शब्द काढून देशी शब्द रुजवायची मोहीम चालवली. सावरकरांची भाषाशुद्धी आठवेल, पण तिथे मागे सरकारचं बळ होतं. म्हणून जोड्या भेटतात: उत्तराला 'जेवाप' आणि 'यानीत', गोष्टीला 'हिकाये' आणि 'ऑय्कू'. सुरुवातीला ओळखीचा घ्या. काही शब्द मात्र गेलेच: शाळेला कोणी 'मेक्तेप' म्हणत नाही, 'ओकुल'च म्हणतात. याच संस्थेचा कोश इंटरनेटवर मोफत आहे.

आकडे सुखाचे: बिर, इकि, ऊच, दॉर्त, बेश, आल्ती, येदि, सेकिझ, दोकुझ, मग ओन, यिर्मि, ओतुझ, कीर्क, एल्लि, आल्तमीश, येत्मिश, सेक्सेन, दोक्सान. या अठरा शब्दांत ९९ पर्यंत सगळं. ९९ म्हणजे 'दोक्सान दोकुझ'. एकोणऐंशी-नव्याऐंशीच्या चक्रातून गेलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. आकड्यानंतर अनेकवचन लावायचं नाही: 'बेश किताप'.

माणसांशी बोलताना

'सेन' म्हणजे तू, 'सिझ' म्हणजे तुम्ही. अनोळखी माणसाला, वडीलधाऱ्याला, दुकानदाराला 'सिझ'. नावापुढे बाईंना 'हानीम', पुरुषांना 'बेय', आणि तेही पहिल्या नावाला: 'आयशे हानीम'.

नात्यांत आपण घरचेच. 'हाला' आत्या, 'तेय्झे' मावशी, 'आम्जा' काका, 'दायी' मामा. मोठा भाऊ 'आबि', मोठी बहीण 'आब्ला', आणि रस्त्यावर रिक्षावाल्याला 'दादा' म्हणावं तसं टॅक्सीवाल्याला 'आबि' चालतं. वयस्क अनोळखी बाईला 'तेय्झे', आपल्या 'मावशी'सारखंच. मात्र 'येन्गे' एकच: वहिनी, काकू, मामी सगळ्या त्यात.

शिष्टाचाराची वाक्यं सगळ्यात आधी पाठ करा, ती व्याकरणापेक्षा लवकर दारं उघडतात. 'होश गेल्दिनिझ' (या, या) म्हटलं की उत्तर 'होश बुल्दुक'. काम करत असलेल्या कोणालाही 'कोलाय गेल्सिन', काम सोपं जावो. स्वयंपाक करणाऱ्याला 'एलिनिझे साआलीक', तुमच्या हातांना आरोग्य. आजाऱ्याला 'गेच्मिश ओल्सुन', दुखणं सरून जावो. निघणारा म्हणतो 'होश्चा काल', मागे राहणारा म्हणतो 'गूले गूले'. एकदा दुकानातून निघताना मीच 'गूले गूले' म्हटलं. दुकानदार क्षणभर थांबला, मग हातातला तराजू ठेवून जणू आपणच निघालो असं नाटक त्याने केलं.

रोजचा वेळ

रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. पहिला महिना पायरी १ ते ३, आणि निम्मा वेळ मोठ्याने. दुसरा महिना पायरी ४ आणि ५. शब्दांसाठी ड्युओलिंगो वापरायला हरकत नाही, पण तिथे प्रश्न इंग्रजीत येतो, तेव्हा उत्तर देण्याआधी मनात मराठी वाक्य करा. नीट अभ्यासक्रम हवा असेल तर युनूस एम्रे संस्थेचे ऑनलाइन धडे पाहा. तिसऱ्या महिन्यात पायरी ६, आणि मुलांच्या छोट्या गोष्टी, कारण त्यांत 'मिश' ओळीओळीला येतो. मालिका पाहायच्या तर तुर्की उपशीर्षकं लावून, दहा मिनिटांचाच तुकडा, तीनदा. हिंदीत डब केलेल्या मालिकेने करमणूक होते, कान तयार होत नाही.

रात्री झोपताना दिवसभरातल्या पाच गोष्टी भूतकाळात लिहा: कुठे गेलो, काय खाल्लं, कोण आलं. जे स्वतः पाहिलं त्याला 'दि', जे फक्त ऐकलं त्याला 'मिश'. आठवड्याने ती वही एखाद्या तुर्की मित्राला दाखवा आणि त्याला एकच गोष्ट तपासायला सांगा: 'घराचं दार-त्याचं' मधला दुसरा प्रत्यय कितीदा खाल्ला.